तीन फुटांची पेटी

श्रोतेहो, नमस्कार. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना. का? तर काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी निःस्वार्थपणे झीज सोसली म्हणून. ते लोक करत काय होते, त्याची ही एक गोष्ट.

व्हर्जिनियातलं रिचमंड शहर. हेन्री ब्राऊन हा तंबाखूच्या कारखान्यात राबणारा गुलाम. त्याची बायको नॅन्सी दुसऱ्या मालकाची. तिला विकू नये म्हणून हेन्री त्या मालकाला पैसे भरत होता. पैसे घेऊनही १८४८ साली मालकाने तिला विकलं. गरोदर होती ती, बरोबर तीन मुलं. गुलामांचा तो तांडा निघाला तेव्हा नॅन्सीचा हात धरून हेन्री मैलोन्‌मैल चालत गेला. मग हात सोडावा लागला.

आता गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने एक लाकडी पेटी करवून घेतली. लांबी तीन फूट, रुंदी दोन फूट, खोली दोन फूट आठ इंच. घरी मोजून बघा, श्रोतेहो. तीन फूट बाय दोन फूट, आणि आत धट्टाकट्टा माणूस! जवळ थोडं पाणी, चार बिस्किटं आणि हवेसाठी भोकं पाडायला गिरमिट. कामावरून सुटी मिळावी म्हणून त्याने स्वतःचा हात तेजाबाने भाजून घेतला. २३ मार्च १८४९ ला सॅम्युअल स्मिथ नावाच्या गोऱ्या चांभाराने पेटी बंद करून, जिथे गुलामगिरी नव्हती त्या उत्तरेकडच्या फिलाडेल्फिया शहराला रवाना केली.

पेटीवर लिहिलं होतं, ‘ही बाजू वर’. वाचतो कोण? बोटीवर ती उलटी पडली. डोकं खाली, पाय वर. डोळे खोबणीतून बाहेर येतायत असं वाटू लागलं, तरी हेन्रीने हूं की चूं केलं नाही. दोघा उतारूंना बसायला जागा हवी होती, त्यांनी पेटी आडवी केली, तेव्हा तो वाचला. सत्तावीस तास, श्रोतेहो. सत्तावीस तास!

गुलामगिरीविरोधी संस्थेच्या कचेरीत झाकण उघडलं. हेन्री उठून उभा राहिला, म्हणाला, “कसे आहात, मंडळी?” आणि बायबलातलं स्तोत्र गाऊ लागला.

तिथे हजर होते विल्यम स्टिल. कृष्णवर्णीय कार्यकर्ते, पळून येणाऱ्या शेकडो लोकांची हकिगत लिहून ठेवणारे. आपल्याकडे घरातल्या वडीलधाऱ्यांचं बोलणं कुणी टिपून ठेवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. एक वही तरी घाला. असो.

१८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. शाळेत आपण लिंकनचं नाव पाठ करतो. माझ्या मते आधी या पळून आलेल्यांची नावं यायला हवीत.

आणि तो चांभार? हेन्रीकडून त्याने पैसे घेतले होते, हे खरं. पण पुढे आणखी गुलामांना असंच पेटीतून पाठवताना तो पकडला गेला आणि कित्येक वर्षं तुरुंगात राहिला.