गाडीचं ऑइल कधी बदलायचं?

नमस्कार श्रोतेहो.

चारचाकी गाडीचं इंजिन ऑइल किती किलोमीटरला बदलायचं? मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवत असल्यामुळे हा प्रश्न मला वर्गातही विचारला जातो आणि लग्नाच्या पंगतीतही. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एकच आकडा हवा असतो. जुने मिस्त्री पाच हजार म्हणतात. मारुती, ह्युंदाईच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तकात १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते, असं लिहिलेलं असतं. स्कोडा, फोक्सवॅगनसारख्या कंपन्या १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष सांगतात. हे आकडे ऐकून माणूस गोंधळतो आणि मग बहुतेक वेळा आपल्या सोयीचा आकडा धरून चालतो.

मला आज तुम्हाला मनापासून सांगायचं आहे ते असं, की नुसता किलोमीटरचा आकडा ऑइलची खरी हकीकत सांगत नाही. ऑइल खराब होतं ते इंजिन किती तास चाललं आणि कशा तऱ्हेने चाललं यावर. किलोमीटर मोजणं सोपं, म्हणून आपण किलोमीटर मोजतो.

थोडा हिशेब करू. एक गाडी नाशिक-मुंबई महामार्गावर नेमाने जा-ये करते. तिची सरासरी ताशी ६० किलोमीटर धरा. १०,००० किलोमीटर व्हायला तिचं इंजिन साधारण १६७ तास चालेल. दुसरी गाडी पुण्यात कोथरूडहून हडपसरला रोज ऑफिसला जाते, सिग्नलला थांबत, गर्दीत सरकत. तिची सरासरी २० धरा. तेवढेच १०,००० किलोमीटर, पण इंजिन चाललं ५०० तास. तिप्पट! मीटरवर दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात, इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या चेंबरमधलं ऑइल मात्र सारखं नसतं. गर्दीत एसी लावून उभ्या असलेल्या गाडीचा मीटर हलत नाही, पण आत पिस्टन वर-खाली होतच असतो, ऑइल तापतच असतं.

आताच्या बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगमागच्या पडद्यावर सरासरी वेग दिसतो. मायलेज पाहायला आपण तिथे जातो, पण या आकड्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. आज घरी गेल्यावर तो जरूर पाहा. ट्रिप मीटर शून्यावर आणून महिनाभर तसाच चालू द्या आणि मग आकडा वाचा. तो २०-२५ च्या खाली असेल, तर तुमच्या गाडीसाठी पुस्तकातला मोठा आकडा धरू नका, असं माझं मत आहे. पुस्तकाच्या त्याच प्रकरणात पुढे आणखी एक तक्ता असतो, खडतर वापरासाठीचा. वारंवार जवळच्या फेऱ्या, धुळीचे रस्ते, सतत थांबत-थांबत चालवणं, जड ओझं ओढणं, असे प्रकार त्यात मोजलेले असतात आणि ऑइल बदलायचा पल्ला अनेक पुस्तकांत जवळजवळ निम्म्यावर आणलेला असतो. आपल्याला वाटतं, खडतर म्हणजे लडाख किंवा राजस्थानचं वाळवंट. तसं नाही. ठाण्यात घोडबंदर रोडवर रोज तास-दीड तास अडकणारी गाडी खडतरच चालते. ऊसतोडणीच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडच्या कच्च्या रस्त्यांनी धूळ खात फिरणारी गाडीही त्याच तक्त्यात बसते.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं त्या गाडीबद्दल बोलतो. ही गाडी फार चालत नाही. घरातली ज्येष्ठ मंडळी ती मंडईपर्यंत नेतात, नातवाला क्लासला सोडतात, रविवारी देवळात जाऊन येतात. एका वेळी दोन-तीन किलोमीटर. वर्षाला तीन-चार हजार किलोमीटरही होत नाहीत. मालक समाधानाने सांगतात, "अहो, गाडी चाललीच कुठे? अजून दोन वर्षं ऑइलला हात लावायला नको." याच गाडीच्या ऑइलचे हाल सगळ्यात जास्त होतात.

का, ते सांगतो. पेट्रोल जळतं तेव्हा पाणी तयार होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने निघतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून बाहेर जाते, पण थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतो. इंजिन गार असेल तर त्याच्याबरोबर न जळलेलं थोडं पेट्रोलही उतरतं. ऑइल चांगलं तापलं की ही वाफ आणि पेट्रोल उडून जातं आणि इंजिन ते पुन्हा ओढून जाळून टाकतं. तशी सोय इंजिनात केलेलीच असते. पण त्यासाठी ऑइल तापायला हवं. डॅशबोर्डवरचा काटा पाच-सात मिनिटांत मधोमध येतो, तो कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा. ऑइल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. मंडईपर्यंत जाऊन आलेल्या गाडीचं ऑइल कोमटच राहतं. पाणी आतच, पेट्रोलही आतच. दिवसामागून दिवस ते साठत जातं. त्यातून आम्ल तयार होतं, आणि त्या आम्लाला मारायला ऑइलमध्ये जी रसायनं घातलेली असतात ती हळूहळू संपतात.

अशा गाडीचं ऑइल भरायचं झाकण उघडून आतल्या बाजूने पाहा. तिथे फिकट तपकिरी, दुधाळ कॉफीसारखा साका चिकटलेला दिसला, तर ते ऑइलमध्ये कालवलं गेलेलं पाणी आहे. पावसाळ्यात आणि थंडीत तो जास्त दिसतो. थोडा साका दिसला म्हणून घाबरू नका. ऑइल बदला आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग अर्धा तास मोकळ्या रस्त्याने चालवून आणा. पण साक्याबरोबर रेडिएटरच्या टाकीतलं कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील, फुटलेलं असू शकतं. मग वाट न पाहता गाडी गॅरेजला दाखवा.

कमी चालणाऱ्या गाडीसाठी माझं सांगणं सरळ आहे: किलोमीटर विसरा, वर्षातून एकदा ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला. तारीख लक्षात राहत नसेल तर दसरा धरा. खंडेनवमीला आपण गाडी धुऊन-पुसून हार घालतोच. पावसाळाही तेव्हा सरत आलेला असतो. त्याच आठवड्यात ऑइल बदलून घेतलं की पावसाळ्यातला ओलावा आत घेऊन इंजिन वर्षभर चालणार नाही.

ऑइलच्या रंगाबद्दलही बोलायला हवं, कारण रंग दाखवूनच गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त घाबरवलं जातं. बोटावर ऑइलचा थेंब घेऊन कुणी म्हणालं, "बघा साहेब, किती काळं झालंय," की आपण लगेच होकार देतो. डिझेल गाडीचं नवं ऑइल काही शे किलोमीटरमध्येच काळं होतं आणि ते व्हायलाच हवं. जळणातून आलेली काजळी ऑइलने आपल्यात धरून ठेवली, इंजिनच्या भिंतींवर बसू दिली नाही, याचीच ती खूण. उलट सीएनजीच्या गाडीचं ऑइल महिनोन् महिने सोनेरी दिसतं. गॅस स्वच्छ जळतो, काजळी होत नाही. पण गॅसच्या उष्णतेने आणि त्यातून होणाऱ्या नायट्रोजनच्या संयुगांनी ते ऑइल आतून थकत असतं, पुढे घट्ट होऊ लागतं. रिक्षा-टॅक्सीवाल्या बांधवांनो, सीएनजीवर दिवसाचे दहा-बारा तास गाडी चालते तुमची. ऑइल स्वच्छ दिसतंय म्हणून पल्ला वाढवू नका.

डिझेलवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरासाठीचे बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. हा फिल्टर भरत आला की गाडी जादा डिझेल सोडून त्यातली काजळी जाळते. त्यासाठी काही वेळ सलग वेगाने चालणं लागतं. गाडी गर्दीतच फिरत राहिली, हे काम अर्धवट असतानाच दर वेळी बंद केली, तर जादा सोडलेल्या डिझेलमधलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. मग डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून पाहिल्यावर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं. "वा, ऑइल वाढलंय," म्हणून खूश होऊ नका. ते पातळ झालेलं ऑइल आहे. इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तो ऑइलच्या पातळशा थरावर तरंगत असतो. तिथे पातळ ऑइल गेलं तर टर्बो जायला वेळ लागत नाही. पट्टीवरच्या वरच्या खुणेच्या पुढे ऑइल गेलेलं दिसलं की किलोमीटर किती झाले ते न पाहता ते बदला.

आता डिपस्टिकविषयी. ही पट्टी पाहणं घरातल्या कुणालाही जमतं, तरी ते आपण गॅरेजवर सोपवतो. गाडी सपाट जागेवर उभी करा. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर गेलेलं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरेल. पट्टी बाहेर काढा, स्वच्छ फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढून आडवी धरा. ऑइलची ओली रेघ दोन खुणांच्या मध्ये असली की ठीक. या दोन खुणांमध्ये बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटरचा फरक असतो, म्हणून खालच्या खुणेजवळ रेघ दिसली तर पुस्तकात सांगितलेल्याच ग्रेडचं, म्हणजे जाडीचं, ऑइल थोडं-थोडं घालून पुन्हा मोजा. भसकन ओतू नका. जास्त झालेल्या ऑइलमध्ये इंजिनचा फिरता दांडा, क्रँक, घुसळला जातो, फेस होतो, आणि फेसाने वंगण होत नाही. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी हमखास, एवढं पुरे.

डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचं लाल चिन्ह असतं, ते ऑइलची पातळी सांगत नाही. ते दाब गेल्याचं सांगतं. चालत्या गाडीत ते पेटलं तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंतही जाऊ नका. गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. त्या दोन मिनिटांत बेअरिंग चिकटून इंजिन बसल्याची उदाहरणं आमच्या कामात वारंवार दिसतात. ऑइल आणि फिल्टरला दोन-चार हजार लागतात, इंजिन उघडायची वेळ आली की खर्च पन्नास हजारांच्या पुढेच जातो.

आणि ग्रेडबद्दल आग्रहाने सांगतो. विदर्भात, मराठवाड्यात अजूनही ऐकू येतं की, आपल्याकडे उन्हाळा कडक, जरा जाड ऑइल टाका, इंजिन गार राहील. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या इंजिनांना ते चालून जायचं. आजच्या इंजिनांत ऑइलच्या वाटा अरुंद आहेत, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणाच ऑइलच्या दाबावर चालते. पुस्तकात ०डब्ल्यू-१६ किंवा ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असेल तर तेच घाला. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत ऑइल वरपर्यंत पोहोचणं फार महत्त्वाचं असतं, आणि जाड ऑइल तिथे उशिरा पोहोचतं. सिंथेटिक ऑइल उष्णतेला जास्त टिकतं हे खरं, पण पाणी आणि पेट्रोल त्यालाही सोडत नाही. म्हणून महागडं सिंथेटिक घातलं तरी वर्षाची मर्यादा पाळायचीच.

पूर आलेल्या भागातल्या श्रोत्यांनी एवढं लक्षात ठेवावं: गाडी इंजिनापर्यंत पाण्यात बुडाली असेल, तर पाणी ओसरल्यावर तिला सेल्फ मारून पाहायचा मोह टाळा. २०२१ च्या जुलैत चिपळूणला किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण पाहिलं. अशी गाडी टोइंग करून न्या. आधी ऑइल काढून तपासायचं, आत पाणी नाही याची खात्री करायची, मगच इंजिन फिरवायचं.

ऑइल बदलताना शक्य तर समोर उभे राहा. इंजिन थोडं गरम असतानाच जुनं ऑइल काढलं तर ते नीट निथळतं. फिल्टर नवा घातला, ड्रेन बोल्टचा वॉशर बदलला, हे डोळ्यांनी पाहा. डब्याचं सील तुमच्या समोर फोडलेलं असावं. रिकामा डबा तिथेच ठेवला तर त्यात हलकं ऑइल भरून तो पुन्हा विकला जाऊ शकतो, म्हणून डबा घरी न्या किंवा कापून टाकायला सांगा. बदल केलेली तारीख आणि मीटरचा आकडा कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा, दोन्ही हवेत. "इंजिन फ्लश करू का?", म्हणजे रसायन घालून इंजिन आतून धुऊ का, असं विचारलं तर वेळेवर ऑइल बदलणाऱ्या गाडीला त्याची गरज नसते, असं मी सांगेन.

आणि काढलेलं काळं ऑइल कुठे जातं, हेही विचारत जा. घरी स्वतः ऑइल बदलणाऱ्यांनी ते गटारात किंवा मातीत ओतू नये. त्यात धातूचे बारीक कण आणि जळणाची विषारी द्रव्यं असतात, आणि ती विहिरीच्या पाण्यापर्यंत पोहोचतात. कायद्याने हा घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेलं ऑइल गोळा होऊन त्याचं पुनर्शुद्धीकरण होण्याची जबाबदारी ऑइल तयार करणाऱ्यांवरही टाकलेली आहे. चांगल्या गॅरेजमध्ये त्यासाठी वेगळं पिंप असतं आणि परवानाधारक माणूस येऊन ते घेऊन जातो. घरी काढलेलं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये भरून अशा गॅरेजला नेऊन द्या. ते घेतात.

नमस्कार.