जीपची ओळख आणि तिचा माग: ऑस्ट्रेलियन सैन्यातल्या युद्धोत्तर गाड्यांविषयी

मित्रहो,

तीन वर्षांपूर्वी व्हिक्टोरिया राज्यातल्या एका शेतावर, पत्र्याच्या जुन्या शेडमध्ये, मला एक जीप दाखवण्यात आली. तिला तांबडा रंग दिलेला होता, मागे गुरांना चारा टाकण्यासाठी फळ्या ठोकलेल्या होत्या आणि मूळ इंजिन जाऊन त्या जागी होल्डन मोटारीचे सहा सिलिंडरचे इंजिन बसले होते. शेताच्या मालकांनी सांगितले की ही गाडी कोरियाच्या युद्धात ऑस्ट्रेलियन पलटणीबरोबर होती आणि त्यांच्या वडिलांनी ती पुढे लष्कराच्या विक्रीत विकत घेतली. आपल्याकडे ‘डिस्पोजलची जीप’ म्हणून ज्या गाड्या ओळखल्या जात, त्यांच्याविषयीही अशा हकिकती घरोघर ऐकायला मिळतात. सांगणारा खोटे बोलत नसतो. वडिलांकडून ऐकलेले तो पुढे सांगत असतो, आणि म्हणूनच त्या हकिकतीची शहानिशा आदराने आणि काळजीपूर्वक करावी लागते. ती कशी करतात, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. ‘युद्धोत्तर लष्करी जीप’ या शब्दांत दोन वेगळ्या गाड्या लपलेल्या आहेत. एक म्हणजे १९४५ नंतर बनलेली जीप. दुसरी म्हणजे युद्धाच्या काळात बनलेली, पण युद्ध संपल्यावरही सैन्यात राहिलेली जीप. ऑस्ट्रेलियाचा विचार करताना १९४० च्या दशकाची अखेर आणि कोरियाचा काळ या दोन्हींसाठी दुसऱ्या प्रकाराकडे जास्त लक्ष द्यावे लागते. याशिवाय गाडी कोणी आणि केव्हा बनवली हा एक प्रश्न, आणि ती कोणाच्या सेवेत होती हा निराळा प्रश्न. पहिल्याचे उत्तर लोखंड देते. दुसऱ्याचे उत्तर एकटे लोखंड कधीच देत नाही. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक चुका हे दोन प्रश्न एक समजल्यामुळे झालेल्या आहेत.

आधी लोखंडाकडे पाहू. युद्धकाळात जीप दोन कंपन्यांनी बनवली. विलिसच्या गाडीला एमबी म्हणतात आणि फोर्डच्या गाडीला जीपीडब्ल्यू. दोन्ही मिळून सुमारे साडेसहा लाख गाड्या तयार झाल्या आणि त्यांचे सुटे भाग एकमेकींना बसावेत अशीच योजना होती. त्यामुळे दुरून पाहून त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. मग गुडघे टेकून पुढच्या बंपरखाली पाहावे लागते. चासिसची पुढची आडवी पट्टी नळीसारखी गोल असेल तर चासिस विलिसची, आणि ती पालथ्या पन्हळीसारखी चौकोनी असेल तर फोर्डची. एवढ्याने निर्माता ठरतो. नंबर शोधण्याची जागाही दोघींची वेगळी आहे. विलिसने नंबर एका लहान पट्टीवर कोरून ती डाव्या बाजूच्या पुढच्या चासिसला आतून रिव्हेट केली, तर फोर्डने तो डाव्या चासिसच्या वरच्या अंगावर थेट ठोकला. विलिसची पट्टी गंजते, गळून पडते किंवा कोणी काढून नेतो. फोर्डचा नंबर मात्र सत्तरऐंशी वर्षांच्या गंजाखालीही बहुधा शाबूत असतो; तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासले आणि बॅटरी तिरकी धरून प्रकाश टाकला की अंकांच्या कडा वर येतात. फोर्डने आपल्या कित्येक भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरही, आपले ‘एफ’ अक्षर उमटवले होते. पण एखाद्या बोल्टावर ते अक्षर दिसले म्हणून अख्खी गाडी फोर्डची ठरवू नये, कारण बोल्ट सर्वांत आधी बदलले जातात.

बॉडीवर विसंबून राहणे तर आणखी धोक्याचे आहे. १९४४ पासून दोन्ही कंपन्यांच्या गाड्यांवर एकाच कारखान्याची, इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिलची, सामाईक बॉडी बसू लागली. डॅशबोर्डावरच्या पितळी किंवा जस्ताच्या माहितीपट्ट्यांचेही तसेच आहे. त्यांवर मॉडेल, अनुक्रमांक आणि सुपुर्द केल्याची तारीख असते आणि नवख्या माणसाला तोच सर्वांत मोठा पुरावा वाटतो. आज मात्र तशाच कोऱ्या पट्ट्या बाजारात विकत मिळतात. पट्टीवरचा नंबर चासिसवरच्या नंबराशी जुळला तर ती पट्टी मोलाची. तो जुळला नाही तर तिला सजावटीपेक्षा जास्त किंमत देऊ नये.

युद्धानंतरची मॉडेले ओळखणे त्या मानाने सोपे आहे. युद्धकाळच्या जीपच्या पत्र्याच्या ग्रिलला नऊ खाचा असतात, नंतरच्या सीजे, म्हणजे नागरी जीप गाड्यांना आणि एम ३८ या लष्करी जीपला सात. जुन्या जीपमध्ये पेट्रोल भरण्याचे तोंड चालकाच्या आसनाखाली होते, नंतर ते बाहेर बॉडीच्या डाव्या अंगावर आले. पुढची काच आधी दोन भागांची होती, सीजे ३ए आणि एम ३८ मध्ये ती अखंड झाली. सीजे ३ए आणि एम ३८ या दोन गाड्यांची मात्र लोक सर्रास गल्लत करतात, आणि नागरी सीजेला हिरवा रंग देऊन ती ‘आर्मीची एम ३८’ म्हणून दाखवली जाते. तेव्हा तपशील पाहावेत. १९५० ते १९५२ या काळात बनलेल्या एम ३८ ची विद्युतयंत्रणा २४ व्होल्टची आणि पाणी न शिरणारी आहे. काचेच्या पुढे, बॉनेटच्या मागच्या पत्र्यात, बॅटरीच्या कप्प्याचे झाकण आहे. पुढचे दिवे बाहेर आलेले असून त्यांना संरक्षक कड्या आहेत. फावडे आणि कुऱ्हाड अडकवण्याची सोय उजव्या बाजूला आहे, युद्धकाळच्या जीपमध्ये ती डाव्या बाजूला असे. नंबराआधी ‘एमसी’ ही अक्षरे असतात. त्यानंतरच्या एम ३८ए१ ला ‘एमडी’ अक्षरे आणि गोलसर मडगार्ड आहेत, आणि नागरी सीजे ३बी तिच्या उंच बॉनेटवरून लांबूनही ओळखू येते. रंग काल दिलेला असू शकतो, पण २४ व्होल्टच्या यंत्रणेसाठी पाडलेली मूळ भोके आणि ब्रॅकेट कोणी सहसा नव्याने बनवत नाही.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे सेवेचा. इथे इतिहासाची वाट थोडी लांबची आहे. ऑस्ट्रेलियन सैन्याकडे जीप मुख्यतः लेंड-लीज, म्हणजे मित्रराष्ट्रांना युद्धसामग्री उसनी देण्याच्या अमेरिकी व्यवस्थेतून आल्या आणि जून १९४६ मध्ये अमेरिका व ऑस्ट्रेलिया यांच्यात त्या व्यवहाराचा हिशेब मिटवण्यात आला. सैन्याला नको असलेला माल विकण्यासाठी १९४४ मध्येच कॉमनवेल्थ डिस्पोजल्स कमिशन स्थापन झाले होते. याचा परिणाम असा झाला की शेतकऱ्यांकडे आलेल्या कित्येक जीप युद्धोत्तर सेवेत कधी नव्हत्याच. युद्ध संपताच त्या थेट शेतावर आल्या. ‘आर्मीची होती’ हे अशा गाडीविषयीही खरेच असते, पण त्यावरून ती १९५० मध्ये कुठे होती हे सिद्ध होत नाही.

कोरियाचा दुवा जपानमार्गे जातो. १९४६ पासून कुरे बंदर आणि त्याच्या आसपास ब्रिटिश कॉमनवेल्थची ताबा-सेना होती आणि तिचे नेतृत्व ऑस्ट्रेलियन सेनापतींकडे होते. याच सेनेत भारतीय तुकड्याही होत्या आणि २६८ व्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती, म्हणजे आपल्या भागातले जवान त्या काळी त्याच रस्त्यांवरून जीपमधून फिरले आहेत. १९४७ मध्ये भारतीय तुकड्या परतल्या. मागे राहिलेल्या ऑस्ट्रेलियन तुकड्यांपैकी रॉयल ऑस्ट्रेलियन रेजिमेंटची तिसरी बटालियन सप्टेंबर १९५० मध्ये जपानमधूनच कोरियात उतरली. त्याच सुमारास अमेरिकी सैन्याने ‘रोल-अप’ या मोहिमेत पॅसिफिकच्या बेटांवर सोडून दिलेली वाहने गोळा करून जपानी कारखान्यांत नव्याने बांधली होती. अशा पुनर्बांधणीत चासिस एका गाडीची, इंजिन दुसरीचे आणि बॉडी तिसरीची होणे अगदी स्वाभाविक होते. ऑस्ट्रेलियातल्या लष्करी यंत्रशाळांतही मोठ्या दुरुस्तीला आलेल्या गाडीतून निघालेले इंजिन त्याच गाडीत परत जाईल अशी खात्री नव्हती. म्हणून इंजिनाचा नंबर चासिसशी जुळला नाही तर गाडी बनावट आहे असे म्हणू नये. उलट, सैन्यात दीर्घकाळ राहिलेल्या गाडीचे ते एक लक्षण असू शकते.

सेवेचा सर्वांत जवळचा पुरावा मला रंगात सापडतो. शेडमधल्या त्या जीपच्या बॉनेटच्या डाव्या बाजूला मी तळहाताएवढी जागा निवडली आणि अतिशय बारीक पॉलिशपेपर पाण्यात बुडवून गोल गोल घासायला सुरुवात केली. हे काम घाईत बिघडते. दर पाच-सहा फेऱ्यांनंतर ओल्या फडक्याने पुसून पाहावे लागते. आधी तांबडा गेला, मग त्याखालचा पिवळट प्रायमर, आणि त्याखाली चकचकीत गडद हिरवा थर लागला. युद्धोत्तर काळात ऑस्ट्रेलियन सैन्य आपल्या गाड्यांना असा चकचकीत गडद ब्रॉन्झ-हिरवा रंग देत असे. युद्धकाळचे हिरवे रंग मंद, चमक नसलेले होते. त्या गडद हिरव्याखाली तसा मंद हिरवा निघाला आणि त्यावर पांढऱ्या रंगातल्या अंकांच्या कडा दिसू लागल्या. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे त्या घासलेल्या जागेत एकामागून एक रंग उभे होते, आणि त्यांचा क्रमच मला हवा होता. गाडी युद्धानंतर थेट विकली गेली असती तर मंद हिरव्यावर लगेच शेतकऱ्याचा रंग दिसला असता. मधला चकचकीत थर सांगतो की युद्ध संपल्यावरही तिला सैन्याने रंग दिला.

यापुढे कागद. ऑस्ट्रेलियन सैन्य प्रत्येक वाहनाला स्वतःचा लष्करी नोंदणी क्रमांक देत असे आणि तो निर्मात्याच्या चासिस नंबरापेक्षा पूर्णपणे वेगळा असतो. आपल्या आरसी बुकात जसे नोंदणी क्रमांक आणि चासिस नंबर शेजारी शेजारी लिहिलेले असतात, तसा दोन्ही क्रमांक एकाच ओळीत असलेला कागद मिळाला तर माग पूर्ण झाला असे समजावे. वाहनांच्या नोंदवह्या, वाटपाची कार्डे, विक्रीच्या याद्या हे असे कागद होत, आणि त्यांच्या शोधाची सुरुवात ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि कॅनबेराच्या वॉर मेमोरियलमध्ये करावी. वॉर मेमोरियलचा छायाचित्रसंग्रह अनमोल आहे. बॉनेटवरचा क्रमांक वाचता येईल अशी कितीतरी छायाचित्रे त्यात आहेत.

छायाचित्रांविषयी मात्र एक इशारा द्यायला हवा. जीपमध्ये ऑस्ट्रेलियन सैनिक बसलेला दिसला म्हणून ती जीप ऑस्ट्रेलियाची होत नाही. १९६२ पासून व्हिएतनाममध्ये गेलेले ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक अमेरिकी आणि दक्षिण व्हिएतनामी तुकड्यांबरोबर काम करत आणि त्यांच्याच गाड्या वापरत. तोपर्यंत खुद्द ऑस्ट्रेलियन सैन्यात जीपची जागा लँड रोव्हरने घेतली होती. १९४८ मध्ये आलेल्या या गाडीची जुळवाजुळवही जीप समोर ठेवूनच झाली होती, आणि तिच्या पहिल्या मॉडेलचा पुढच्या आणि मागच्या चाकांमधला पल्लाही जीपइतकाच, ८० इंचांचा होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या महिंद्राची जीपही ‘स्टॉकमन’ या नावाने ऑस्ट्रेलियात विकली गेली. तिची घडण विलिसची असल्यामुळे हिरवा रंग दिलेली एखादी स्टॉकमन जुनी लष्करी गाडी म्हणून पुढे येऊ शकते. तेव्हा आधी नंबर पाहावा.

शेडमधल्या जीपची चासिस फोर्डची निघाली आणि तिच्यावरचा नंबर पूर्ण वाचता आला. युद्धानंतर ती सैन्यात होती, एवढे मी मालकांना खात्रीने सांगितले. कोरियाविषयी मात्र अजून काही म्हणता येणार नाही, असेही सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि वडिलांच्या जुन्या पावत्यांचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. त्यात विक्रीची पावती नव्हती. बॉनेटवरच्या लष्करी क्रमांकातले पहिले चार अंक आता स्पष्ट झाले आहेत. उरलेले दोन अंक बिजागरीजवळच्या वेल्डिंगखाली गेले आहेत, आणि येत्या उन्हाळ्यात आम्ही दोघे मिळून ती जागा पुन्हा घासणार आहोत.