आमची कुठेही शाखा नाही

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या महिन्यात पुणे स्टेशनवर बसलो होतो. साताऱ्याकडची गाडी चाळीस मिनिटं लेट. शेजारी कॉलेजातली एक मुलगी होती. तिचा रोजचा दीड जीबी दुपारीच संपलेला. तिनं स्टेशनचं फुकट वायफाय जोडलं, मोबाइल नंबर टाकला, ओटीपी आला तो भरला. माझ्या पायाशी राउटरचे दोन खोके बघून तिनं विचारलं, "काका, ओटीपी मागितला म्हणजे हे सेफच असणार ना?"

वाई, पाचगणी, महाबळेश्वरच्या लॉजमध्ये वायफाय बसवून देणं हा माझा धंदा. तरी मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण हा ओटीपी तुमच्यासाठी नसतोच. तो का आला, ते सांगतो.

२००८ च्या जुलैत अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना धमकीची ई-मेल गेली. पोलीस माग काढत पोचले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथे राहत होता एक अमेरिकन गृहस्थ. त्याचा काही संबंध नव्हता. त्याचं वायफाय उघडं होतं आणि कुणीतरी ते वापरून मेल पाठवून निघून गेलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्याचं एक कॉलेज आणि चेंबूरची एक कंपनी यांच्या वायफायवरूनही तशाच मेल गेल्या. मग २००९ च्या फेब्रुवारीत दूरसंचार विभागानं फर्मान काढलं की सार्वजनिक ठिकाणी इंटरनेट देताना वापरणाऱ्याची ओळख नोंदवून ठेवायची. तेव्हापासून आपण नंबर देतो आणि ओटीपी भरतो. उद्या काही विपरीत घडलं तर कोण जोडलं होतं हे पोलिसांना कळावं, एवढाच त्याचा उपयोग. शेजारच्या बाकड्यावर कोण बसलंय, यापासून तो तुम्हाला वाचवत नाही.

मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आपली हजेरी घेतात!" याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

रेल्वेचं वायफाय वाईट आहे असं मात्र मी म्हणत नाही. २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलला ते पहिल्यांदा सुरू झालं आणि आज देशातल्या सहा हजारांवर स्टेशनांवर आहे. परीक्षेला निघालेल्या कितीतरी पोरांनी त्यावर अभ्यास केला. माझी भीती वेगळी आहे. तुम्ही ज्याला जोडलात ते रेल्वेचंच कशावरून?

लोणावळ्याला चिक्की घ्यायला उतरलात की दहा दुकानांवर एकच नाव दिसतं आणि खाली बारीक अक्षरात 'आमची कुठेही शाखा नाही'. वायफायच्या नावाला तेवढीसुद्धा पाटी नसते. मी माझ्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून त्याला स्टेशनच्या वायफायचंच नाव देऊ शकतो. अर्ध्या मिनिटाचं काम. परवानगी लागत नाही, कुणी तपासत नाही. फोनच्या यादीत माझं कुठलं आणि खरं कुठलं, हे ओळखू येणार नाही. माझा फोन तुमच्या जवळ असेल, तर तुमचा फोन माझ्याच वायफायला जोडला जाण्याची शक्यता जास्त.

ऑस्ट्रेलियात हे खरोखर घडलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये देशांतर्गत विमानातल्या कर्मचाऱ्यांना एक विचित्र वायफाय दिसलं. पर्थ विमानतळावर एका प्रवाशाची हातातली बॅग तपासली, तर त्यात एक लॅपटॉप, एक फोन आणि एक छोटं यंत्र. त्या यंत्राला म्हणतात पाइनॅपल, म्हणजे अननस! आसपासचे फोन जुन्या ओळखीची वायफाय शोधत असतात. एखादा फोन पुकारतो, 'अमुक नावाचं कुणी आहे का?' अननस ते ऐकतं आणि म्हणतं, 'मीच तो.' जोडलेल्या माणसापुढे एक पान यायचं: आत येण्यासाठी तुमच्या ई-मेलचा किंवा सोशल मीडियाचा पासवर्ड द्या. लोक देत होते. पर्थ, मेलबर्न, ॲडलेड या विमानतळांवर त्यानं हे केल्याचं पोलिसांनी सांगितलं. २०२५ मध्ये त्याला सात वर्षांहून अधिक कैद झाली.

यात कुठे काही फोडलं? काही नाही. लोकांनी आपणहून दिलं.

आता थोडं चांगलंही सांगतो, कारण या विषयावर घाबरवणारे फार आहेत आणि त्यातले निम्मे काहीतरी विकत असतात. चौदा-पंधरा वर्षांपूर्वीचा धोका आज तेवढा नाही. देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो, तसंच वेबसाइटचं असतं. पासवर्ड एकदाच देता, मग साइट तुमच्या फोनला एक बिल्ला देते आणि प्रत्येक पानाला तो दाखवला जातो. पूर्वी बऱ्याच साइट पासवर्ड झाकून घ्यायच्या आणि बिल्ला मात्र उघडा ठेवायच्या. २०१० च्या ऑक्टोबरात 'फायरशीप' नावाचं एक छोटं साधन निघालं. कॉफीच्या दुकानात बसून दुसऱ्याचा बिल्ला उचलायचा आणि त्याच्या खात्यात शिरायचं, एका क्लिकवर. बनवणाऱ्यानं ते मुद्दाम बनवलं होतं, कंपन्यांना लाज वाटावी म्हणून. वाटली. हळूहळू जवळजवळ सगळा व्यवहार कुलपात, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येणार नाही अशा गुप्त लिपीत गेला आणि २०१८ पासून क्रोम कुलूप नसलेल्या साइटवर 'सुरक्षित नाही' असा शिक्का मारू लागला. तुमच्या बँकेचं आणि यूपीआयचं ॲपही स्वतःचं कुलूप घेऊनच निघतं. म्हणून स्टेशनवर बातम्या वाचल्या, गाडी कुठे पोचली ते पाहिलं, तर जीव टांगणीला लावू नका.

फक्त एक ध्यानात असू द्या. कुलूप असलं म्हणजे वाटेत कुणी वाचत नाही, एवढंच. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे असं ते सांगत नाही. चोरालाही कुलूप फुकट मिळतं.

लॉजचं सांगायचं तर माझ्याच धंद्याची लाज काढावी लागेल. पासवर्ड काउंटरवर लॅमिनेट करून चिकटवलेला असतो, बहुतेक मालकाचा मोबाइल नंबर किंवा एक ते आठ आकडे. गिऱ्हाइकाला वाटतं, पासवर्ड आहे म्हणजे खासगी. पण तोच पासवर्ड वीस खोल्यांना माहीत असेल आणि शेजारच्या खोलीत कुणी जाणकार बसला असेल, तर जुन्या पद्धतीच्या वायफायवर तो तुमचं येणं-जाणं पकडू शकतो. कुलूपवाल्या साइट तेव्हाही वाचवतात, पण तुम्ही कुठे कुठे फिरलात हे बाहेरून कळतं. शिवाय राउटरचा स्वतःचा पासवर्ड अनेक ठिकाणी कंपनीनं दिला तोच राहतो. एका मालकाला मी तीनदा सांगितलं बदला म्हणून. "तुम्हालाच आठवणार नाही मग," म्हणाला!

हॉटेलात वायफाय जोडल्या जोडल्या 'अपडेट करा' अशी खिडकी उघडली तर हात आवरा. २०१४ मध्ये 'डार्कहोटेल' नावाची टोळी उघडकीला आली, ती आशियातल्या मोठ्या हॉटेलांत उतरणाऱ्या बड्या अधिकाऱ्यांना अशीच बनावट अपडेट द्यायची. अपडेट घरूनच करून निघा, बॅगेत औषधं भरता तसं.

मी स्वतः काय करतो? पैशाचं काम आलं की वायफाय बंद करतो आणि दोन मिनिटं मोबाइल डेटा वापरतो. लॅपटॉप असेल तर बायकोच्या फोनचा हॉटस्पॉट. वायफायच्या पानानं मोबाइल नंबर आणि ओटीपी मागितला तर ठीक. गूगलचा पासवर्ड, आधार, कार्ड, एखादं ॲप टाका, 'सर्टिफिकेट' बसवा, यातलं काहीही मागितलं तर उठतो. ब्राउझरनं 'कनेक्शन खासगी नाही' असं सांगितलं तर 'तरीही पुढे जा' दाबत नाही. परदेशी टूरवर निघालेल्या काका-काकूंना मी निघण्याआधी रोमिंगचा पॅक किंवा ई-सिम घ्यायला लावतो. बसमधल्या आणि विमानतळावरच्या फुकट वायफायवर बँक उघडायची वेळच येऊ नये. व्हीपीएन म्हणजे तुमची सगळी ये-जा झाकून स्वतःमार्फत नेणारी सेवा. फुकटच्या व्हीपीएनबद्दल विचाराल तर माझं मत वाईट आहे. शेजाऱ्यापासून लपवायला सगळं सामान अनोळखी माणसाच्या टेम्पोत भरण्यासारखं आहे ते.

आणि फसलातच, पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावा आणि बँकेलाही लगेच कळवा. पहिल्या तासात कळवलं तर रक्कम वाटेतच गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

गाडी आली तेव्हा त्या मुलीनं विचारलं, "आणि माझा फोन कुणाकुणाला पुकारतोय, ते कसं कळणार?" तिला मी सेटिंगमध्ये वायफायखालची जतन केलेली यादी दाखवली. आपोआप जोडण्याची खूण काढली. जुनी नावं एकेक 'विसरा' म्हणत पुसली. माझा फोन मी गाडीत उघडला. एकतीस नावं निघाली. एक नाशिकच्या लॉजचं, जे कोविडमध्ये बंद पडलं. एकावर नुसतं 'फ्री', आणि ते मी कुठे जोडलं होतं, जेजुरी येईपर्यंत आठवत होतो.

नमस्कार.