माणसावरून गाडी काढायची

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'अपघातातल्या गाडीतून सुटका: तंत्र आणि सराव'. तंत्राकडे येतोच. पण उद्यमनगरातले कारखानदार आणि तालमीची पोरं असे एकत्र समोर बसलेत म्हटल्यावर आधी एक गाऱ्हाणं मांडतो.

गाऱ्हाणं दोराचं आहे. गळीत हंगामात रात्री रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, शेवटच्या ट्रॉलीला दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. मोटार मागून आत घुसते. वर्दी मिळून आमचा बंब पोचेपर्यंत लोकांनी दाराला दोर बांधून दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढायला सुरुवात केलेली असते. त्यामागची माया खरी. आपल्याकडचा माणूस अपघात बघून पुढं निघून जात नाही. पण आतल्याचा पाय डॅशबोर्डखाली अडकलाय, मानेचा मणका कदाचित दुखावलाय, आणि गाडीला हिसडा बसतो. त्या एका हिसड्यानं माणूस जन्माचा लुळा होऊ शकतो.

मला हे कळलं ते आत बसल्यावर. नवा फायरमन होतो. आमच्या प्रशिक्षक साहेबांना आम्ही वस्तादच म्हणायचो. त्यांनी मला हेल्मेट घालून भंगारातल्या फियाटमध्ये चालकाच्या जागी बसवलं, अंगावर जाड घोंगडं टाकलं आणि म्हणाले, "तू जखमी. हलायचं नाही, बोलायचं नाही." बाहेर माझेच सोबती. काच फुटली तेव्हा वाटलं, कानातच फुटली. पत्रा कापणारा कटर गाडीच्या छताच्या खांबाला लागला की अख्खी गाडी थरथरायची, आणि घोंगड्याखाली काळोख. सगळे एकमेकांशी बोलत होते, माझ्याशी कुणीच नाही. मग मागच्या सीटवरून एकानं दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं आणि कानाशी म्हणाला, "आता मोठा आवाज येणार. दार निघतंय. मी हितंच हाय." आवाज तेवढाच आला, पण धडधड थांबली. सराव संपल्यावर वस्तादांनी कटर चालवणाऱ्याला काही विचारलं नाही. मला विचारलं, "काय काय ऐकू आलं?"

पुढं मी शिकवायला लागलो तेव्हा प्रत्येक पोराला एकदा आत बसवलं. एका ठिकाणी मला सांगण्यात आलं, पुतळा ठेवा, वेळ वाचतो. पुतळ्याला भीती वाटत नाही हो! भीती काय असते हे ज्यानं आतून पाहिलंय, त्याचाच हात बाहेरून सावकाश चालतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर तंत्र.

पहिलं, गाडी हलू द्यायची नाही. चाकांना पाचर, खाली लाकडी ठोकळे. मग बॅटरी तोडायची, आधी निगेटिव्ह. बॅटरी तोडली तरी न फुटलेली एअरबॅग लगेच निर्धोक होत नाही, म्हणून तिच्यापासून लांब राहायचं: बाजूच्या बॅगेपासून ५ इंच, स्टीअरिंगपासून १०, शेजारच्या प्रवाशासमोरच्या डॅशबोर्डपासून २०. बाजूच्या काचेचे बारीक तुकडे होतात. पुढची काच दोन थरांची, ती करवतीनं कापायची. मग स्प्रेडरनं, म्हणजे फाकवणाऱ्या जबड्यानं, दार; कटरनं खांब; रॅमनं, म्हणजे रेटणाऱ्या दांड्यानं, डॅशबोर्ड वर. छताच्या कडेला पडदा-एअरबॅगचा, म्हणजे खिडकीवर पडद्यासारख्या उतरणाऱ्या बॅगेचा, गॅसचा नळकांडा दडलेला असू शकतो, म्हणून आतलं अस्तर ओढून बघितल्याशिवाय कटर लावायचा नाही. विजेच्या गाडीत केशरी वायरला हात नाही. माणूस ओढून काढायचा नाही. त्याच्यावरून गाडी सोलून काढायची, आणि मान-पाठ सरळ धरून फळीवर घ्यायचा.

आता मागणं. फियाटचा खांब काकडीसारखा तुटायचा. आजच्या गाड्यांच्या खांबात बोरॉनचं पोलाद असतं, जुना कटर तिथं अडतो. सराव मात्र अजून जुन्या भंगारावरच होतो. तेव्हा उद्यमनगरकर, अलीकडची ठोकलेली गाडी भंगारात घालण्याआधी एक दिवस जवानांना द्या. आणि तालमीच्या वस्तादांनो, आत बसायला एक पोरगं पाठवा. हेल्मेट आणि घोंगडं आमचं.