12 टँकर रोज: कंपनीचा कन्सेंट कसा वाचायचा

दृश्य: नवापूरचा किनारा, पहाट, ओहोटी लागलीय.

हे नवापूर. पालघर जिल्हा, बोईसर स्टेशनवरून रिक्षाने यायचं. मागे तारापूर एमआयडीसी, पुढे समुद्र, आणि मधे जमिनीखालून एक पाइपलाइन येते, एमआयडीसीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी घेऊन. केलेलं असायला पाहिजे असं म्हणू. इथल्या लोकांना विचारा पाणी कसंय, तर ते रंग सांगतील, वास सांगतील, कुठल्या महिन्यात जाळ्याला काय चिकटतं ते सांगतील. आणि हेच घेऊन एखाद्या ऑफिसात गेलात की समोरचा विचारतो, पुरावा आहे का?

तर पुरावा आहे. निदान निम्मा तरी आहे, आणि तो नेटवर फुकट पडलाय, फक्त एका जागी नाहीये, तुकड्या-तुकड्यात आहे, आणि एक तुकडा वाचला तर काहीच कळत नाही, दोन शेजारी ठेवले की मात्र जरा गंमत सुरू होते.

पहिला एक आकडा सांगतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे मार्क देतं, त्याला सेपी म्हणतात. 2018 च्या यादीत तारापूरला 93.69 मिळाले, देशात पहिला नंबर, आणि इथे पहिला म्हणजे सगळ्यात वाईट. 2009 ला हेच तारापूर 72.01 वर होतं. आता लगेच पोस्ट टाकू नका की एवढ्या पॉइंटने वाढलं म्हणून, कारण मधल्या काळात मोजायची पद्धत बदललीय. असा आकडा बातमीला चांगला असतो, पण तुमच्या घरामागच्या नाल्यात पाणी नक्की कोणी सोडलं हे त्यातून कधीच कळणार नाही. त्यासाठी कंपनीच्या कागदावर यावं लागतं.

दृश्य: लॅपटॉपची स्क्रीन, पीडीएफ उघडतेय. कंपनीचं नाव झाकलेलं.

हा कन्सेंट. मराठीत संमतीपत्र, पण कोणी म्हणत नाही. कारखाना उभारायच्या आधी एक आणि चालवायला एक, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून घ्यावाच लागतो, 1974 चा पाण्याचा कायदा आणि 1981 चा हवेचा कायदा, दोन्ही मिळून. मंडळाच्या साइटवर शोधलं की बऱ्याच कंपन्यांचे सापडतात, कधी नावाचं स्पेलिंग चार प्रकारे टाकून बघावं लागतं, कारण जुनं नाव, नवीन नाव, प्रायव्हेट लिमिटेड झालं की अजून वेगळं. प्लॉट नंबरने ओळखा, नाव बदलतं, प्लॉट तोच राहतो.

पहिल्या पानावर रेड, ऑरेंज, ग्रीन असा रंग लिहिलेला असतो. रेड बघून घाबरू नका, तो धंद्याचा प्रकार आहे, गुन्हा नाही. डाय म्हणजे रंग बनवणारा, औषधाचा कच्चा माल बनवणारा रेडच असणार. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं होतं यांना रेड कार्ड मिळालंय, मित्राला फोन करून सांगितलं पण. नंतर फार हसले लोक.

त्याच पानावर वैधता असते, कधीपर्यंत आहे ती तारीख. ही आधी कागदावर लिहून घ्या, पुढे लागणार आहे. मग मालाची यादी, कुठला माल महिन्याला किती टन. आणि मग शेड्यूल एक, म्हणजे पाणी. खरा मसाला इथे.

आमच्या सोबत एक काका होते, चाळीस वर्षं होडी चालवलेली. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवलं आणि विचारलं, हे सीएमडी काय? सीएमडी म्हणजे दिवसाला क्यूबिक मीटर, एक क्यूबिक मीटर म्हणजे हजार लिटर. या कागदावर 120 होतं. काकांनी मनात हिशोब केला, आपला पाण्याचा टँकर दहा हजाराचा असतो ना, म्हणजे 12 टँकर रोज. बरोबर. एवढं सोपं मला माझ्या तीन महिन्यांच्या वाचनात सुचलं नव्हतं.

खाली मर्यादा असतात. सीओडी बघा, पाण्यातली घाण रासायनिक पद्धतीने संपवायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप. सीईटीपीतून, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक प्रक्रिया केंद्रातून, बाहेर पडताना लिटरला 250 मिलिग्रॅमच्या आत पाहिजे.

आणि शेड्यूल तीन कोणी वाचत नाही, तुम्ही वाचा. बँक गॅरंटी. मंडळ सांगतं अमुक काम अमुक तारखेच्या आत कर, तोपर्यंत इतके लाख अडकवून ठेव. गॅरंटी कशासाठी मागितलीय हे वाचलं की मंडळाला त्या कारखान्यात नेमकी कशाची शंका आहे ते समजतं. नवीन कागदांत खाली अजून एक तक्ता येतो, आधी किती गॅरंटी जप्त झाली आणि का झाली. बऱ्याच वेळा तिथे नुसतं एनए, लागू नाही. एनए म्हणजे कारखाना स्वच्छ असेल, किंवा कोणी बघायलाच गेलं नसेल. कागद दोन्हीला एनएच लिहितो.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत पर्यावरण खात्याची इको म्हणून साइट आहे, नकाशावर कारखाना दाबला की मागच्या तीन वर्षांच्या बारा तिमाह्या रांगेत दिसतात, आपल्याला हेवा वाटावा असं काम आहे. पण तिथेही जो शेरा असतो तो उल्लंघन आढळलं नाही असा असतो. आढळलं नाही, झालं नाही असं नाही.

दृश्य: नाला, सीलबंद बाटल्या, कागदावर सह्या.

आता कन्सेंटच्या शेजारी ठेवायचा दुसरा कागद. मंडळाचे लोक येतात, कंपनीच्या माणसासमोर पाणी भरून सील करतात, त्याला सगळे जेव्हीएस म्हणतात. रिझल्ट खराब आला की आधी कारणे दाखवा नोटीस, मग प्रस्तावित निर्देश, मग बंद करायचा आदेश, पाण्याच्या कायद्याचं कलम 33 अ, हवेचं 31 अ. बंदच्या आदेशाची प्रत महावितरणला आणि एमआयडीसीच्या पाणी खात्याला जाते, वीज आणि पाणी तोडा म्हणून. आणि त्यानंतर काही दिवसांनी येतो रीस्टार्टचा आदेश, सशर्त.

लोक बंदचा आदेश व्हॉट्सअपवर फिरवतात आणि खूश होतात. मी सांगतो, तो बाजूला ठेवा, रीस्टार्टचा शोधा. त्यात लिहिलेलं असतं की कंपनीने काय सुधारणा केली म्हणून परत चालू करायला दिलं. सॅम्पलची तारीख, नोटिशीची तारीख, बंदची, रीस्टार्टची, या चार एका ओळीत मांडा. सॅम्पल ते नोटीस भरपूर दिवस आणि बंद ते रीस्टार्ट अगदी थोडे, असं दिसलं तर पुढे काही बोलायची गरजच राहत नाही. आणि मघाशी लिहून घेतलेली वैधतेची तारीख, ती पण याच ओळीत घाला, मधेच कन्सेंट संपला होता का बघा.

स्टार रेटिंगचं पण सांगून टाकतो, नाहीतर कमेंटमध्ये येईलच. 5 जून 2017 पासून मंडळ कारखान्यांना एक ते पाच स्टार देतं, पण ते चिमणीतून निघणाऱ्या धूलिकणांवर. पाच स्टारवाल्याचं सांडपाणी कसंय याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

प्रकल्प मोठा असेल, पर्यावरण मंजुरी लागणारा, तर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचं परिवेश पोर्टल बघा, 2018 पासून आहे. 14 सप्टेंबर 2006 ची जी ईआयए, म्हणजे पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासायची, अधिसूचना आहे त्यात चक्क लिहिलंय की मंजुरीच्या अटी पाळल्या का याचा रिपोर्ट दर सहा महिन्यांनी द्यायचा, 1 जून आणि 1 डिसेंबर, आणि तो सार्वजनिक कागद आहे. अर्ज केला की मिळालाच पाहिजे. मी एकदा एका ऑफिसात मागायला गेलो तर समोरच्याने विचारलं तुम्हाला कशाला पाहिजे, तुम्ही कोण. अधिसूचनेचं ते पान प्रिंट काढून नेलं तेव्हा मिळाला, तोही दुसऱ्या खेपेला. कन्सेंटचं पण तसंच, पाण्याच्या कायद्यात कलम 25(6) आहे, मंडळाने रजिस्टर ठेवायचं आणि ज्याला त्या पाण्याचा त्रास होतो त्याला ते बघता येतं. कॉम्प्युटरचं नाव नव्हतं तेव्हाचा कायदा आहे हा!

दृश्य: परत नवापूर, होड्या.

आणि हे सगळं जोडून कुठे पोचता येतं ते इथल्याच लोकांनी दाखवलंय. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, म्हणजे इथल्या मच्छीमार समाजाची संघटना, राष्ट्रीय हरित लवादात गेली, अर्ज क्रमांक 64/2016, पुण्याचं पश्चिम खंडपीठ. जानेवारी 2022 मध्ये लवादाने सीईटीपीला आणि शंभरच्या वर कंपन्यांना भरपाई भरायला लावणारा आदेश दिला. नेटवर शोधा, मिळतो, लांबलचक आहे, इंग्रजी जड आहे, पण तक्ते वाचा. बातमीत एकच मोठी रक्कम आली होती, खरी माहिती तक्त्यांत आहे.

काकांना मी त्या कन्सेंटची प्रिंट दिली. त्यांनी घडी करून सोसायटीच्या फाइलमध्ये ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, अरे याच्या आधीचा पण काढ, तेव्हा किती टँकर होते बघू. काढला. त्यात 80 होतं. म्हणजे 8 टँकर. मधल्या काळात नवीन माल वाढवलाय, तो यादीत दिसतो, आणि प्रक्रिया करायची टाकी तीच, त्याच मापाची, दोन्ही कागदांत. काकांनी दोन्ही पानं शेजारी ठेवून पेनाने गोल केला आणि म्हणाले, हे साहेबाला विचारायचं.

सोमवारी जातोय आम्ही.