पुण्यात बोट लावायची कुठे?

[दृश्य: संगम पुलावरून दिसणारं नदीपात्र, सकाळ]

पुण्यात बोट लावायची कुठे? हा प्रश्न ऐकून पुणेकर हसेल. त्याला दुचाकी लावायलाच जागा मिळत नाही. पण या शहरात बोटी आहेत, आणि दीडशे वर्षांहून जास्त काळ आहेत. रॉयल कॅनॉट बोट क्लबची स्थापना 1868 सालची. बोट क्लब रस्त्याला नाव मिळालं ते त्याच्यामुळे.

हे सगळं नदीमुळे, असं म्हणणं अर्धंच खरं. मुळा-मुठेला उन्हाळ्यात स्वतःचं असं पाणी फारसं उरत नाही. पाणी उभं राहतं ते बंडगार्डनच्या बंधाऱ्यामागे. सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून तो बांधला गेला, तो पाणीपुरवठ्यासाठी. मागे तुंबलेल्या पाण्यावर साहेबांनी बोटी सोडल्या.

[दृश्य: मुंबई, गेटवेसमोर नांगरलेल्या बोटी]

समुद्रकाठच्या शहरात मरिना असते, म्हणजे बोटी लावायचा तळ. येणारी बोट आधी रेडिओवरून विचारते, जागा आहे का? मग धक्का नेमून मिळतो. बोटीच्या कडेला रबरी फुगे सोडायचे, पुढून-मागून दोर बांधायचे, बोट पुढे-मागे सरकू नये म्हणून आणखी दोन दोर तिरके ताणायचे. भाडं बहुधा बोटीच्या लांबीवर. धक्के तरंगते असतात, कारण भरती-ओहोटी. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. पक्क्या धक्क्याला बांधलेली बोट ओहोटीला दोरांवर लटकली असती. गेटवेसमोर तर बोटी पाण्यातच नांगरलेल्या असतात, आणि मालक छोट्या होडीतून आपल्या बोटीपर्यंत जातो.

पुण्याच्या बोटीला यातलं काहीच लागत नाही. ती पाण्यात राहतच नाही.

[दृश्य: बोटघर, रॅकवर एकावर एक ठेवलेल्या लांब, निमुळत्या बोटी]

शर्यतीची आठ वल्हेकऱ्यांची बोट सतरा मीटरच्या आसपास लांब असते. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे तिचं किमान वजन 96 किलो. एकट्याची असेल तर अवघी 14 किलो. कवच इतकं पातळ की चुकीच्या जागी पाय पडला तर आरपार जाईल. असली वस्तू रात्रभर पाण्यात कोण ठेवेल? तिची हक्काची जागा म्हणजे बोटघरातला रॅक.

मग खरं कसब कुठे? किनाऱ्याला लागण्यात. लोकांना वाटतं वल्हवणं अवघड. तेही आहेच, पण बोट धक्क्याला नीट लावणारा संघ पाहिला की शिस्त म्हणजे काय ते कळतं.

[दृश्य: आठ जणांची बोट हळूहळू धक्क्याकडे येताना]

बोट प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून आणायची. समोरून येणारं पाणी तिला आवरतं, आणि वेग कमी असला तरी सुकाणू हाताशी राहतं. प्रवाहाबरोबर आलात तर थांबवायला काहीच नाही. धक्क्याकडे थोडं तिरकं यायचं. सुकाणू धरणारा कॉक्स ओरडतो, तशी वल्ही थांबतात. आता सगळे मिळून धक्क्याच्या उलट बाजूला किंचित झुकतात. धक्क्याकडची बाजू उचलली जाते, तिकडची वल्ही आणि त्यांना धरून ठेवणारे, बोटीबाहेर आलेले हात धक्क्याच्या वरून सरकतात. एकजण जरी उशिरा झुकला तरी वल्हं धक्क्यावर आपटतं. बाहेरच्या बाजूचे वल्हेकरी एखादा उलटा हात मारून बोट समांतर करतात. मग उतरायचं, तेही हुकमावर, एकाच वेळी. आठ जण वाकतात, बोट आधी कमरेपर्यंत, मग डोक्यावर. पाणी निथळतं आणि बोट चालत घरी जाते.

हे गाळात होत नाही. बोटीच्या तळाला माशाच्या परासारखी छोटी उभी पट्टी असते, ती टेकली की मोडते. म्हणून धक्का पाण्यालगत आणि खाली खोली हवी.

[दृश्य: जलपर्णीने झाकलेलं पात्र]

खोली असली तरी पाणी मोकळं असेलच असं नाही. नदीत सांडपाणी येतं, त्यावर जलपर्णी माजते. हिरवी गादी लांबून देखणी दिसते, वल्हेकऱ्याला विचारा. पावसाळ्यात उलटा प्रकार. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला, नदीपात्रातला भिडे पूल पाण्याखाली गेला, की नदीत उतरायचं नाव काढायचं नाही. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, त्याची या शहराला आठवण करून द्यावी लागत नाही.

सैन्याने हा प्रश्न आपल्यापुरता सोडवला. दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये वल्हवण्यासाठी वेगळा कालवाच आहे. दत्तू भोकनळ सैन्यात आल्यावर वल्हं धरायला शिकले आणि पुण्यात तयार झाले. 2016 च्या रिओ ऑलिंपिकला गेले, 2018 ला आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्ण आणलं. नाशिक जिल्ह्यातल्या दुष्काळी भागातला हा माणूस!

[दृश्य: संध्याकाळ, नदीकाठी बसलेले प्रेक्षक]

सामान्य पुणेकराचं काय? क्लब सभासदांचा, दापोडीचा कालवा सैन्याचा, खडकवासल्याची पीकॉक बे एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची. उरते सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाची रेगाटा, म्हणजे पाण्यावरचा बोटींचा सोहळा. संगमाजवळच्या त्यांच्या बोट क्लबचे विद्यार्थी कयाक आणि पंट अशा छोट्या होड्या घेऊन पाण्यावर रचना करतात, बाणाच्या आकारात वल्हवतात, अंधारात मशाली फिरवतात. प्रेक्षक मात्र काठावरच. या शहराच्या धक्क्यावरून बोटीत पाय टाकायचा तर आधी कुठल्यातरी फाटकातून आत जावं लागतं.