पत्ता अपुरा

श्रोतेहो, नमस्कार.

९ ऑक्टोबर हा जागतिक टपाल दिन. १८७४ साली याच तारखेला स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात जागतिक टपाल संघटना स्थापन झाली. मला खरं तर टपालाचा इतिहास सांगायला बोलावलंय, पण माझा इतिहास इथंच संपला. पुढची दहा मिनिटं मी आमच्या मास्तरांबद्दल बोलणार आहे.

मास्तर म्हणजे पोस्टमास्तर समजू नका. ते रेल्वे मेल सर्व्हिसमधले, आरएमएसमधले, साधे सॉर्टर, म्हणजे पत्रं गावांप्रमाणे वेगळी लावणारे, होते. नव्या पोरांना हाताशी धरून शिकवायचे म्हणून मास्तर. त्यांना हे नाव अजिबात आवडायचं नाही. "मास्तर म्हनू नका जी, खरे मास्तर रागावतीन," असं म्हणायचे. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. खरं नाव मी सांगत नाही. रेडिओवरून आपलं नाव गेलेलं त्यांना खपलं नसतं.

मी १९८६ साली आरएमएसमध्ये लागले. तेव्हा मास्तरांची निम्मी नोकरी झाली होती. तीही कशी, तर धावत्या गाडीत. मेल व्हॅन म्हणून टपालाचा वेगळा डबा असायचा. रात्रभर गाडी हलतेय, समोर लाकडी खण, एका हातात पत्रांचा गठ्ठा आणि दुसऱ्या हातानं एकेक पत्र आपापल्या खणात. डब्याला बाहेरून पत्र टाकायची फट असे. जादा तिकीट लावून लोक गाडी सुटता सुटता त्यात पत्र टाकत. मास्तर सांगायचे, फलाटावर धावत येणारा माणूस दिसला की आम्हालाच घाम फुटायचा.

नागपूरचं टपाल म्हणजे काय, ते बाहेरच्यांना कळत नाही. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही रस्ते इथं एकमेकांना छेदतात. त्यात १९५६ पर्यंत हे आधी मध्य प्रांताच्या आणि मग जुन्या मध्य प्रदेशाच्या राजधानीचं शहर. त्यामुळे मराठी पत्ता, हिंदी पत्ता, जरीपटक्याला सिंधी पत्ता, मोमीनपुऱ्याला उर्दू. उर्दू पत्ता आला की बाकीचे तो गठ्ठा कुणा जाणत्याच्या टेबलावर सरकवायचे. मास्तरांना ते पटेना. मोमीनपुऱ्यातल्या एका शिंप्याकडे ते वर्षभर ड्यूटी संपल्यावर जाऊन बसले. जुन्या फॉर्मांच्या कोऱ्या बाजूवर अलिफ, बे गिरवलेली त्यांची पानं मी पाहिली आहेत. गालिब वाचायला नव्हे हो, गल्लीचं नाव वाचायला. शिंप्याला फी म्हणून काय दिलं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "त्याच्या भावाचं पत्र वेळेत पोचलं, बस."

आता पिनकोड. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसानं. संस्कृतचे कवीही होते ते. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा सॉर्टिंगच्या जिल्ह्याचा, शेवटचे तीन वाटपाच्या पोस्टाचे. ४४०००१ म्हणजे आपलं सिव्हिल लाईन्समधलं जीपीओ, मुख्य पोस्ट. मास्तरांना या सहा आकड्यांचं मोठं कौतुक होतं, पण आंधळा विश्वास नव्हता. पत्त्यातलं गाव एक सांगतंय आणि पिन दुसरंच, असं झालं की ते गावाच्या बाजूनं. "पिन चुकते, गाव नाई चुकत," म्हणायचे. पिनला ते पिन आली, पिन गेली असंच म्हणत, जणू ती कुणाची मुलगी आहे.

त्यांच्याकडे एक वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेले, पाठीला टपालाच्या पिशवीची सुतळी घालून शिवलेली. एकाच नावाची गावं त्यांनी त्यात लिहून ठेवली होती. विदर्भात बोरगावं किती, सोनेगावं किती, मोजायला बसलं तर चहा थंड होईल. प्रत्येक गावापुढे खूण: नदीकाठी, बाजार मंगळवारी, शाळेसमोर वड. खुणा बदलल्या की नोंदही बदलायची. एका ठिकाणी "वड" खोडून पुढे लिहिलं होतं, "पडला".

लागून सहा महिने झाले असतील तेव्हाची गोष्ट. मे महिन्याची रात्र. नागपूरचा मे तुम्हाला सांगायला नको. सॉर्टिंगच्या वेळी पंखा लावायची सोय नाही, कार्डं उडतात. माझ्या हातात पेन्सिलीनं लिहिलेलं पंधरा पैशांचं कार्ड आलं. माणसाचं नाव, गावाचं नाव, पुढे "छोट्या लाईनीच्या फाटकाजवळ", संपलं. तालुका नाही, जिल्हा नाही, पिन नाही. गावाचं नाव मी आजही सांगणार नाही, टपालवाल्यानं लोकांचे पत्ते चव्हाट्यावर मांडू नयेत. मी "पत्ता अपुरा" म्हणून कार्ड बाजूच्या ढिगावर टाकलं.

मास्तरांनी ते उचललं. कार्ड धरायची त्यांची एक पद्धत होती. डावा तळवा मजकुरावर आडवा ठेवायचे, म्हणजे पत्त्याचा अर्धा भाग तेवढा उघडा राहायचा. आम्हाला वाटायचं, सवय असेल. त्या रात्री कळलं. मी उत्साहानं म्हणाले, "मास्तर, मी मागं वाचलंय. मिरची तोडायचं लिहिलंय. म्हणजे भिवापूरकडचं असणार!" भिवापूरची मिरची कुणाला ठाऊक नाही?

ते थांबले. मग हळू आवाजात, "अवो बाई, ते तुमाले लिवलं होतं का?"

एवढंच बोलले. माझे कान तापले ते अजून आठवतात.

नंतर त्यांनी वही उघडली. त्या नावाची चार गावं होती. नागपूरहून तेव्हा छोट्या लाईनी, म्हणजे नॅरोगेजच्या, दोन निघत, एक छिंदवाड्याकडे आणि दुसरी उमरेड, भिवापूरवरून नागभीडकडे. दोन गावं लाईनीपासून लांब, ती गेली. राहिली दोन, एक या लाईनीवर, एक त्या. पहाटे ड्यूटी संपल्यावर मास्तर सायकलनं इतवारी स्टेशनात गेले आणि छोट्या गाडीच्या गार्डाला विचारून आले की गावाला लागून फाटक नेमकं कुठं आहे. ते निघालं छिंदवाड्याच्या लाईनीवर. मी म्हटलं त्याच्या बरोबर उलट दिशेला. आणि मग मला दुसरी गोष्ट उमगली. कार्डावरचा शिक्का भिवापूरचाच होता. मिरची तोडायला गेलेलं माणूस तिथून घरी लिहीत होतं. शिक्का नीट पाहिला असता तर मजकूर वाचायची गरजच नव्हती.

मास्तरांनी पत्त्याखाली लाल शाईनं तालुका लिहिला, जिल्हा लिहिला आणि कार्ड खणात टाकलं. पोचलं का? साध्या कार्डाला पावती नसते. ते परत आलं नाही, आम्हाला एवढंच कळतं.

राखीच्या दिवसांत तर ते घरी जातच नसत म्हटलं तरी चालेल. लहान पोरींनी लिहिलेले पत्ते, डिंकानं चिकटलेली पाकिटं, आतल्या राखीचा फुगवटा. पौर्णिमा उलटून गेल्यावर आलेल्या राख्याही ते तेवढ्याच घाईनं काढायचे. मी म्हणायचे, आता काय उपयोग? "पोळ्यालोक चालते राखी," म्हणजे पोळ्यापर्यंत, हे त्यांचं उत्तर. शास्त्रात आहे की नाही, देव जाणे.

पुढे दोन्ही छोट्या लाईनी बंद झाल्या, मोठ्या लाईनीच्या कामासाठी. मास्तर त्याच्या कितीतरी आधी निवृत्त झाले होते. भेटले की विचारायचे, आता फाटक कुठं सरकलं, कुणी लिहून ठेवलं का? कुणीच ठेवलं नव्हतं.

यंदा श्रावणात मास्तर गेले. मी बाहेरगावी होते, शेवटचं दर्शन झालं नाही. पंधरा दिवसांनी दारात पोस्टमन उभा. नवा मुलगा, पंचविशीचा असेल. हातात स्पीड पोस्टचं जाड पाकीट. मास्तरांच्या मुलीनं पाठवलेलं. आत निळी वही असणार, हे सुतळीच्या उंचवट्यावरून बोटांना आधीच कळलं.

मग पत्ता पाहिला. माझं नाव, वस्ती, "पाण्याच्या टाकीमागे", आणि पिनकोड चुकलेला. दुसऱ्याच पोस्टाचा. म्हणजे पाकीट तिकडं जाऊन मग इकडं आलं होतं. घर नंबर तर नव्हताच.

मी म्हटलं, "अरे, कसं सापडलं तुला?"

"टाक्या दोन हायेत ना मॅडम," तो म्हणाला, "पयले तिकडं जाऊन आलो." आणि मोबाईल पुढे केला. "इथं बोटानं सही करा."